मृतांचे पाय

मृत माणसाला आपण भितो ते कशासाठी? जिवंतपणी ज्याच्या पंक्तीला बसून जेवलो, तोच मरणानंतर उंबऱ्यात उभा राहील या कल्पनेने अंगावर काटा का यावा? प्रश्न फार जुना आहे. आपल्या भागापुरते पाहिले तर त्याचे सर्वांत जुने उत्तर ग्रंथात नसून मातीत पुरलेले आहे.

कऱ्हा नदी बारामती तालुक्यात सोनगावपाशी नीरेला मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर येथे, भीमेत विसर्जित होते. तीन हजार वर्षांपूर्वी या नद्यांच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांची खेडी नांदत होती. सोनगाव येथे १९६५ साली उत्खनन झाले, तेव्हा जोर्वे संस्कृती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या वस्तीचे अवशेष हाती आले. या संस्कृतीचे अधिक विस्तृत दर्शन घडले ते शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या विद्वानांच्या परिश्रमांतून इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील एक अख्खे खेडे उजेडात आले. जव पिकवणारी, चुली आणि धान्याची पेवे असलेली ती साधी कुटुंबे होती.

त्यांचे मृत मात्र आपल्याला विचारात पाडतात. लहान मूल दगावले की दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात आडवे ठेवीत. उशाशी मडकी ठेवलेली असत. पण पुरण्यापूर्वी त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने चालत परत येऊ नये, भूत होऊन फिरू नये, यासाठी हे केले असावे असा अर्थ संशोधकांनी लावला आहे.

हा अर्थ आपल्याला ओळखीचा वाटतो. आपल्या गोष्टींतली हडळ पावलांवरूनच ओळखली जाते, कारण तिचे पाय उलटे असतात. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या प्रेतामागे वाटेवर राळ्याचे दाणे टाकण्याची चाल महाराष्ट्रात होती. दाणे वेचता वेचता तिची रात्र सरावी आणि तिला घर गाठता येऊ नये, असा त्यामागचा हेतू. युरोपातील खेड्यांनीही हेच केले. तेथे मृत माणूस रक्त पिण्यासाठी थडग्यातून उठतो अशी समजूत होती. २०२२ साली पोलंडमधील पिएन या गावी सतराव्या शतकातील एका तरुण स्त्रीचा सांगाडा सापडला. तिच्या गळ्यावर विळा आडवा ठेवलेला होता आणि पायाच्या अंगठ्याला कुलूप घातलेले होते. देश वेगळा, काळ वेगळा. धास्ती मात्र एकच.

तरीही एक शंका उरते. ज्याची इतकी भीती वाटते, त्याला कोणी आपल्याच घरात पुरील काय? त्याला गावकुसाबाहेर, दूर रानात नेतील. इनामगावच्या लोकांनी आपली माणसे जवळ ठेवली, त्यांच्या उशाशी भांडी ठेवली आणि त्यांची पावलेही तोडली. मृताने येऊ नये म्हणून हे केले, की जाऊ नये म्हणून? हाडे याचे उत्तर देत नाहीत. आम्हांस वाटते, माया आणि धाक या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदत होत्या. आजही शोकाच्या घरी तसेच असते. आपण ज्याच्यासाठी रडतो, त्याचीच खोली रात्री उघडायला धजत नाही.

या धाकाचे मूळ कोठे आहे? आपल्याकडे भूत कोणाचे होते ते पाहावे. मुंज झाली पण लग्न होण्याआधीच गेला, तो मुंजा. बाळंतपणात जिचे हाल झाले, ती हडळ. ज्यांना जिवंतपणी त्यांचा वाटा मिळाला नाही, तेच मागे फिरतात अशी ही समजूत आहे. म्हणजे भुताची भीती ही पुष्कळदा न फेडलेल्या ऋणाची भीती असते. इनामगावात एका प्रौढ पुरुषाला मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा असे मानतात. मरणानंतरही मोठ्याला एक न्याय आणि इतरांना दुसरा, हे तेव्हाही चुकले नव्हते.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे कसे पाहिले? अठराव्या शतकात पूर्व युरोपात थडगी उकरून प्रेतांची विटंबना होऊ लागली, तेव्हा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी रक्तपिपासू प्रेतांच्या कथा हा भयग्रस्त कल्पनेचा खेळ आहे असे मत मांडले. सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७५५ साली आपल्या वैद्याकडून चौकशी करवून या प्रकारांना बंदी घातली. परंतु आपल्या श्रद्धेचा गाभा याहून खोल आहे. संत लूक सांगतात की पुनरुत्थित प्रभू शिष्यांमध्ये उभा राहिला तेव्हा ते घाबरले. त्यांना ते भूतच वाटले. त्या शिष्यांनी त्याला संकटात एकटे सोडले होते. परत येणाऱ्याची भीती बाळगण्याचे कारण त्यांच्याजवळ पुरेपूर होते. प्रभूने त्यांना आपले हात आणि पाय दाखवले आणि त्यांच्यासमोर मासा खाल्ला. खिळ्यांनी विंधलेल्या त्या पायांनी तो परत आला, पण हिशेब चुकता करण्यासाठी नव्हे, शांती देण्यासाठी.

हे मानणाऱ्या माणसाला मृतांचे पाय तोडण्याची गरज उरत नाही. २ नोव्हेंबरला, सर्व आत्म्यांच्या दिवशी, आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. अडवण्याऐवजी आपण त्यांना प्रार्थनेची सोबत देतो.

मात्र ही सोबत मरणानंतरच सुरू होत असेल तर ती अपुरी आहे. एखाद्या एकाकी विधवेला चेटकीण ठरवून छळणारी भीती आणि मृतांना जखडणारी भीती यांत अंतर थोडेच. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, यावरून ती भीती अजून गेलेली नाही हेच दिसते. वृद्ध आईचे औषधपाणी, भावाच्या जमिनीचा वाटा, सुनेचा मान, ही ऋणे माणूस डोळ्यांसमोर असतानाच फेडता येतात. ज्या घरात ती फेडली जातात, त्या घराला आपल्या मृतांच्या पावलांचे भय बाळगण्याचे कारण नाही.