पाच पेशींचा कौल

आयव्हीएफमधल्या गुणसूत्र-तपासणीच्या रिपोर्टमध्ये भ्रूणाला नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांकाखाली गुणसूत्रांचा आलेख: मधल्या रेषेला धरून दाट ठिपके, आणि एखाद्या ठिकाणी ठिपक्यांचा पुंजका रेषा सोडून वर चढलेला किंवा खाली उतरलेला. वर म्हणजे त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, खाली म्हणजे एक कमी. मुलगा की मुलगी हे आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये कळू द्यायचं नाही, असा कायदाच आहे. माझ्या नात्यातल्या एका जोडप्याच्या हाती हा कागद आला, तेव्हा चार भ्रूणांपैकी दोहोंपुढे ‘ॲबनॉर्मल’ होतं आणि दोहोंपुढे ‘मोझॅइक’. नॉर्मल एकही नव्हता. नवरा म्हणाला, “म्हणजे चारही गेले.” ती म्हणाली, “दोन गेले. दोघांचं त्यांनाच कळलेलं नाही.” जीवशास्त्र तिनं बारावीनंतर सोडलं होतं; पण त्या कागदाचा याहून नेमका अर्थ मला पुढे कुठे वाचायला मिळाला नाही.

चाळिशीच्या आसपास निम्म्याहून जास्त भ्रूणांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला निघतो. स्त्रीची बीजं तिच्या जन्माआधीच तयार होऊन अर्ध्या विभाजनावर थांबलेली असतात, आणि इतकी वर्षं थांबलेलं काम पुढे सुरू होताना चुकतं. तिच्या खाण्यापिण्याचा, नोकरीचा, लग्न उशिरा केल्याच्या टोमण्यांचा इथे संबंध लावायला बरेच जण टपलेले असतात. वयाचा संबंध आहे; टोमण्यांना मात्र गुणसूत्रांचा आधार नाही.

‘कळलेलं नाही’ ते का, हे समजून घ्यायला बायोप्सी कशी होते ते पाहावं लागतं. पाचव्या दिवशी भ्रूणात शे-दोनशे पेशी असतात. आतल्या पुंजक्यातून बाळ घडतं, बाहेरच्या आवरणातून वार. आतल्याला धक्का लागू नये म्हणून सुई लावायची ती आवरणाला, आणि काढायच्या पाच ते दहा पेशी. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तसंच हे. पतंजलीच्या महाभाष्यातसुद्धा हा न्याय येतो. पण तो खरा ठरतो तो एका अटीवर: सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असली पाहिजेत. चूक बीजातच असेल, तर ती भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत उतरते आणि पाच पेशी साऱ्या भ्रूणाची साक्ष देऊ शकतात. चूक नंतरच्या एखाद्या विभाजनात झाली असेल, तर काही पेशी बिघडलेल्या, काही धडधाकट. हाच मोझॅइक. साधारणपणे २० ते ८० टक्क्यांमधल्या आकड्याला प्रयोगशाळा हे नाव देते. तो आकडा त्या चिमूटभर पेशींचा असतो. इतक्या थोड्या पेशींमधला डीएनए वाढवून मोजताना यंत्राचीही खरखर त्यात मिसळते. आतल्या पुंजक्याला कुणी हात लावलेलाच नसतो.

‘ॲबनॉर्मल’ आणि ‘मोझॅइक’ या दोन शब्दांना सारखं वजन देऊ नये, हे आता बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रिपोर्ट न पाहताच भ्रूण गर्भाशयात सोडले गेले आणि निकाल मागाहून उघडले. पूर्णपणे ॲबनॉर्मल ठरलेल्या १०२ भ्रूणांपैकी एकाचाही गर्भ टिकला नव्हता. मोझॅइकची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १८ स्त्रियांना, दुसरा भ्रूण नव्हता म्हणून, मोझॅइक सोडले. सहा निरोगी मुलं जन्मली. २०२१ च्या आणखी एका इटालियन अभ्यासात डॉक्टर आणि जोडपी दोघांनाही काही कळू न देता निम्म्याहून कमी बिघाडाचे भ्रूण सोडले, आणि जन्माचं प्रमाण नॉर्मल भ्रूणांइतकंच, ४२-४३ टक्के निघालं. उलट हजारभर मोझॅइक भ्रूणांच्या एका संकलनात यश नॉर्मलपेक्षा कमी दिसलं. मला दोन्हींत मोठा विरोध दिसत नाही. त्या संकलनात निकाल माहीत असूनच भ्रूण सोडले होते, आणि उघड्या डोळ्यांनी मोझॅइक निवडतं कोण? ज्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, ते.

केंब्रिजच्या भ्रूणशास्त्रज्ञ मॅग्डालेना झेर्निका-गोएत्झ ४४ व्या वर्षी गरोदर असताना त्यांच्या वारेचा तुकडा तपासला गेला, आणि सुमारे पाव पेशींत बिघाड निघाला. मूल निरोगी जन्मलं. पुढे २०१६ मध्ये त्यांच्या चमूनं उंदरांच्या भ्रूणांवर दाखवलं की बाळ घडवणाऱ्या भागातल्या बिघडलेल्या पेशी स्वतःहून मरतात आणि चांगल्या पेशी त्यांची जागा भरून काढतात. वारेच्या बाजूला मात्र बिघडलेल्या पेशी तग धरून राहतात. सुई नेमकी त्याच बाजूला लागते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. तरीही एवढं कळल्यावर तो टक्क्याचा आकडा आधीसारखा वाचता येत नाही.

गांधारीच्या तुपाच्या कुंडांना टेस्ट-ट्यूब बेबी म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. मला त्या कथेतला पुढचा प्रसंग जास्त कामाचा वाटतो. दुर्योधन जन्मला, अपशकुन झाले आणि विदुरानं धृतराष्ट्राला सांगितलं की कुळासाठी या एकाचा त्याग कर, तुझे नव्याण्णव राहतीलच. भाकीत खरं ठरलं म्हणून धृतराष्ट्र आपल्याला मायेनंही आंधळा वाटतो. पण त्या सल्ल्याला बळ होतं ते नव्याण्णवांचं. पाच नॉर्मल भ्रूण गोठवून ठेवलेल्या जोडप्यानं मोझॅइक बाजूला सारावा, यात विचार करण्यासारखं काही नाही. ज्यांचे दोनच उरलेत, त्यांना विदुराचा काय उपयोग?

माझ्या नात्यातल्या जोडप्याच्या त्या दोन मोझॅइकांपैकी एका भ्रूणात २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत होती, साधारण ३० टक्के. दुसऱ्यात ५ व्याची एक प्रत कमी, ४५ टक्के. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: ३० हे ४५ पेक्षा कमी. ती वेगळाच हिशेब मांडत होती. पाचव्यातला बिघाड खरोखर साऱ्या शरीरात असेल, तर गर्भ रुजणार नाही किंवा लवकर पडेल. एकविसावा खरा निघाला, तर मूल डाउन सिंड्रोम घेऊन जन्मू शकतं, किंवा मधल्या महिन्यांत गर्भाभोवतीचं पाणी तपासून नको तो निर्णय घ्यावा लागू शकतो. यशाची शक्यता दोघं एकाच कागदावर वाचत होते. अपयश कुठलं सोसता येईल, याचं माप प्रत्येकाचं वेगळं होतं. मला तिचं पटलं. तरी या पसंतीत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांविषयी काही न बोललेलं बोललं जातं, आणि त्याची बोच असायलाच हवी असंही वाटतं.

“डॉक्टर, तुमची बहीण असती तर?” असा प्रश्न शेवटी येतोच, आणि ‘निर्णय तुमचा’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर कायदेशीर असेल. माणुसकीचं मला वाटत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. पूर्वी गर्भ पडला की सगळं पाचव्याच्या माथी मारलं जाई, आणि त्यात बाईची थोडी तरी सुटका होती. रिपोर्टनं पाचवं कारण काढून घेतलेलं नाही. त्यावर फक्त जोडप्याची सही घेतली आहे. उद्या गर्भ पडला, तर सासू विचारणार, “तो दुसरा का नाही निवडलात?”

म्हणून खरं बोलणं बायोप्सीच्या आधी व्हायला हवं. चिनी संशोधकांनी १,२१२ स्त्रियांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. त्या तरुण होत्या, प्रत्येकीकडे तीन किंवा जास्त चांगले भ्रूण होते. ते निकाल एकोणचाळिशीतल्या बाईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण तपासणी भ्रूण दुरुस्त करत नाही, रांग लावते, एवढं त्यातून दिसतं. रांगेत नॉर्मल कुणीच नसलं तर काय करायचं, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून ठेवावं.

पाचव्या गुणसूत्राच्या बिघाडाचा भ्रूण आधी सोडायचा, असं त्या जोडप्याचं ठरलं. एकविसावा अजून गोठवलेला आहे आणि ते दोन ॲबनॉर्मलसुद्धा, कारण टाकून देण्याच्या फॉर्मवर तिनं सही केलेली नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. साठवणुकीची फी दरवर्षी भरावी लागते. नवरा कुरकुरतो आणि भरतो.