मुकें वाद्य विकावें काय?

एकाच जातीच्या अनेक वस्तु घरांत बाळगणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न वरकरणी श्रीमंतांचा वाटतो. परंतु ज्याच्या घरीं भजनाची एक पेटी वापरांत आहे व दुसरी माळ्यावर फडक्यांत गुंडाळून ठेविली आहे, त्यालाहि तो लागू पडतो. आज आम्ही तो गिटार नांवाच्या वाद्याच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडीत आहों. कारण मुंबईस चाकरीस असलेल्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं तो आम्हांस विचारिला आहे. त्यांजपाशीं नऊ गिटारी आहेत. वाजविण्यांत दोनच येतात. एक त्यांच्या कैलासवासी वडिलांची आहे, व उरलेल्या सहा आपापल्या पेट्यांत पडून आहेत. घरांत कर्ज नाहीं. मात्र मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आला आहे. पत्नी याविषयीं एक शब्दहि बोलत नाहीं, आणि हेंच त्यांस अधिक बोंचतें.

ज्या वाचकांनीं हें वाद्य जवळून पाहिलें नसेल त्यांस सांगतों कीं, गिटारीला बहुधा सहा तारा असतात. तिचें पोट पोकळ लाकडी असतें. विजेवर वाजणारी असल्यास बहुधा भरीव फळीचें. पुष्कळ उत्तम गिटारींच्या पाठीस आपल्या देशांतील शिसवी लाकूड लावितात. अमेरिकेंतील मार्टिन कंपनीनें १९६९ सालीं ब्राझिलच्या शिसवीऐवजीं तें वापरण्यास आरंभ केला. पोलादी तारा चढविल्या म्हणजे त्यांचा एकंदर ताण सुमारें ७० किलो वजनाइतका होतो. कोणी लक्ष न देतां अशी गिटार वर्षानुवर्षें ठेविली, तर तिची मान वांकते व तारांची घोडी पोटापासून सुटूं लागते. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, तारांस गंज चढतो, पेटींत बुरशी येते; अतिशय कोरड्या हवेंत तेंच लाकूड तडकतें. तेव्हां “मीं जपून ठेविली आहे” असें म्हणणाऱ्यानें ती पेटी शेवटची केव्हां उघडली होती हें आधीं सांगावें.

एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाचें उदाहरण आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें. १९७० सालीं त्यानें अमेरिकेंत नॅशव्हिल येथें सहा गिटारी एकदम घेतल्या. तीन तीन मित्रांस देऊन टाकिल्या, व उरलेल्या तिहींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार तयार केली. तिला तो ‘ब्लॅकी’ म्हणे. तीच त्यानें वर्षानुवर्षें वाजविली. मद्य व अफूसारख्या मादक पदार्थांचें व्यसन त्यास स्वतःस जडलें होतें. त्यांतून सुटल्यावर त्यानें १९९८ सालीं अँटिग्वा बेटावर व्यसनी लोकांसाठीं उपचारगृह काढिलें. त्याच्या साह्यार्थ १९९९ सालीं न्यूयॉर्क येथें त्यानें १०० गिटारी लिलावांत विकल्या. परंतु ब्लॅकी ठेविली. ती २००४ सालीं विकली, तेव्हां ९ लक्ष ५९ हजार ५०० डॉलर आले. शंभर विकण्यास जो तयार झाला, त्यास एक विकण्यास आणखी पांच वर्षें लागलीं! यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. उलट, एका रात्रींत सर्व विकून दुसऱ्या महिन्यांत पुन्हा दुकानाची पायरी चढणाऱ्यापेक्षां हा बरा.

डेव्हिड गिल्मोर यानें २०१९ सालीं १२६ गिटारी विकल्या, व सुमारें २ कोटी १५ लक्ष डॉलरचें तें सारें उत्पन्न सृष्टीच्या रक्षणासाठीं कायद्यानें झगडणाऱ्या एका संस्थेस दिलें. मार्क नॉफ्लर यानें २०२४ सालीं लंडनांत विक्री केली, ती विकलेल्या किमतीचा चौथा हिस्सा धर्मादायास देण्याचें आधींच जाहीर करून. कोणी म्हणेल, पाव हिस्सा म्हणजे काय तें औदार्य! आम्ही तसें म्हणत नाहीं. वस्तु त्याची होती, आणि किती देणार हें त्यानें उघड सांगितलें. मुलीच्या शिक्षणासाठीं वाद्य विकणाऱ्या बापानें तर यांपैकीं कोणापुढेंहि मान खालीं घालूं नये.

सर्वस्व विकून दरिद्र्यांस देण्याची आज्ञा झालेल्या तरुणाची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे, व संग्रह करणाऱ्याच्या तोंडावर ती फेंकणें फार सोपें आहे. पण या गृहस्थांच्या प्रश्नास जमिनींत पुरून ठेविलेल्या धनाचा दृष्टांत अधिक जवळचा आहे असें आम्हांस वाटतें. नऊ गिटारी असणें हा अपराध नव्हे. मात्र सहा गिटारी कोणाच्याहि कानीं पडत नाहींत, आणि कोठें एखादा होतकरू मुलगा उसन्या वाद्यावर शिकत असेल, हें मनांतून काढितां येत नाहीं.

“पुढें भाव वाढेल” असेंहि ते म्हणतात. वाढेलहि. परंतु मग त्यास वाद्यावरील प्रेम म्हणूं नये. तो व्यापार आहे, आणि व्यापार म्हणूनच त्याचा हिशोब करावा. शिवाय निकाल न करणें हाहि एक निकालच आहे, कारण तो वारसांच्या गळ्यांत पडतो. गिल्मोरची सुप्रसिद्ध काळी गिटार ३९ लक्ष ७५ हजार डॉलर देऊन अमेरिकेंतील जिम इर्से या धनिकानें घेतली होती. तो २०२५ सालीं मरण पावला. गिटारीचा प्रश्न मात्र मागें राहिला. मुंबईच्या घरांत तर कोणती गिटार कोठून आली व तिचें मोल काय, हें पत्नीला व मुलीला सांगणारा दुसरा कोणी नाहीं.

म्हणून आमचें मत असें. हातांतील दोन ठेवाव्या. त्यांविषयीं मनास टोंचणी लावून घेऊं नये. पेट्यांतील सहा बाहेर काढून तीन महिने पाळीपाळीनें वाजवाव्या. जिला हात लावावासा वाटला नाहीं ती विकावी, आणि विकतांना मान कोठें सांधली, कोणता भाग बदलला, हें घेणाऱ्यानें न विचारतांच सांगावें. पत्नीच्या मौनाचा अर्थ स्वतः लावीत बसूं नये, तिला विचारावें. राहिली वडिलांची गिटार. तिची किंमत करूंच नये. तिला नव्या तारा चढवून मुलीच्या हातीं द्यावी, आणि मुलीला नकोशी झाल्यास शेजारपाजारीं वाजविणारें एखादें मूल पाहून, ती कोणाची होती तें सांगून, त्यास देऊन टाकावी.