जिवंतांच्या भूमीत : आशेच्या व्याकरणाविषयी

मराठीत 'आशा' हा शब्द निष्कलंक नाही. संस्कृत सुभाषितांत आणि संतवाङ्मयात आशा बहुधा तृष्णेच्या पंक्तीला बसलेली असते. ती माणसाला बांधते, धावायला लावते, आणि तिच्यापासून सुटका होणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. 'वेडी आशा', 'आशाळभूत' हे नित्याचे प्रयोगही याच संस्काराची साक्ष देतात. उलट ख्रिस्ती परंपरेत श्रद्धा आणि प्रीती यांच्या जोडीने आशेची गणना सद्गुणांत होते. ही परंपरा मराठीत आली तेव्हा आपल्या एका मध्यवर्ती संकल्पनेसाठी तिला असा डागाळलेला शब्द स्वीकारावा लागला. ही केवळ भाषांतराची अडचण नव्हे. मराठी शब्दात जो संशय मुरलेला आहे तो रास्त आहे, आणि ईश्वराच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही आशेला त्याला उत्तर द्यावेच लागते.

हा संशय दुहेरी आहे. आशा वर्तमानाचे देणे भविष्यावर, बहुधा परलोकावर, ढकलते हा त्यातला पहिला भाग. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला अफूची उपमा दिली तेव्हापासून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा विस्तार येथे नको. दुसरा भाग अधिक बोचरा असून त्याची चर्चा मात्र कमी होते. शेवटी सर्व चांगले होईल असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्याच्या यातनेला त्या शेवटाची पायरी बनवतो. दोस्तोयव्हस्कीच्या 'कारामाझोव्ह बंधू' (१८८०) या कादंबरीतील इव्हानचा आक्षेप नेमका हाच आहे. ईश्वर आहे की नाही हा त्याचा प्रश्नच नव्हे. अंतिम सुसंवाद खरा धरला, तरी एका लहान मुलाच्या यातनांची किंमत मोजून तो स्वीकारण्यास तो नकार देतो. त्याचा नकार तर्काचा नसून नीतीचा आहे, आणि म्हणूनच ईश्वराच्या समर्थनार्थ रचलेल्या प्रमेयांनी तो निष्प्रभ होत नाही.

या दुहेरी संशयासमोर ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांनी सारख्याच आपुलकीने जपलेली एक लहानशी संहिता ठेवून पाहण्यासारखी आहे. स्तोत्रसंहितेतील २७ वे स्तोत्र त्याच्या रचनेमुळेच विलक्षण ठरते. विलापस्तोत्रे सामान्यतः आर्ततेकडून विश्वासाकडे जातात. येथे क्रम उलटा आहे. आरंभीच्या सहा चरणांत निःशंक धैर्य आहे, आणि सातव्यापासून एकाएकी आळवणी सुरू होते : तोंड फिरवू नकोस, टाकून देऊ नकोस. आईबापांनी त्यागलेल्या, खोट्या साक्षीदारांनी वेढलेल्या माणसाचा तो स्वर आहे. हेर्मान गुंकेलसारख्या थोर अभ्यासकाने ही दोन स्वतंत्र स्तोत्रे मानली. त्याच्या वाङ्मयप्रकारविषयक शिस्तीला ते धरूनच होते. परंतु एका माणसाच्या एका दिवसात हे दोन्ही स्वर निघू शकतात एवढी साधी गोष्ट ती शिस्त नजरेआड करते. विश्वास आधी आणि भय नंतर, हा क्रम अनुभवाला परका नाही.

या आळवणीच्या शेवटी, तेराव्या चरणात, ईश्वराचा चांगुलपणा जिवंतांच्या भूमीत पाहावयास मिळेल यावर विश्वास नसता तर, अशा अर्थाचे एक वाक्य येते. वाक्य येते असे म्हणणेही पूर्णतः बरोबर नाही, कारण ते पुरे होत नाही. मूळ हिब्रूत 'लूले' या संकेतार्थी अव्ययाने आरंभ होतो, अट सांगितली जाते, आणि फलवाक्य गळते. विश्वास नसता तर काय झाले असते, हे कवी सांगत नाही. शिवाय हस्तलिखितपरंपरेने याच 'लूले' शब्दावर आणि शब्दाखाली विशेष टिंबे जपली आहेत. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये अशा टिंबांची स्थळे पंधरा आहेत, आणि स्तोत्रसंहितेत हे एकच. ही टिंबे बहुधा पाठाविषयीची प्राचीन शंका नोंदवीत असावीत. तालमूदच्या बराखोत या प्रकरणात मात्र त्यांचा वेगळाच अर्थ लावलेला आढळतो : नीतिमानांना ईश्वर चांगले फळ देईल याची दावीदाला खात्री होती, त्या फळात आपला वाटा आहे की नाही, याची नव्हती. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. आशेची मीमांसा म्हणून ते अनेक ग्रंथांना भारी पडावे. चांगुलपणाविषयी खात्री आणि स्वतःविषयी अनिश्चितता ही दोन्ही एकाच अव्ययावर ठेवलेली आहेत.

भाषांतरकारांना मात्र ही पोकळी सोसवली नाही. ग्रीक भाषांतराने ते अव्ययच मागच्या चरणाला जोडून टाकले आणि उरलेल्या भागातून सरळ, निःसंदिग्ध विधान घडवले : विश्वास आहे. लॅटिन परंपरा त्याच वाटेने गेली. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने अट राखली, पण आपण खचून गेलो असतो अशा अर्थाचे फलवाक्य पदरचे घालून ती पुरी केली. ते शब्द मूळचे नव्हेत हे वेगळ्या वळणाच्या टाइपाने दाखवण्याचा प्रामाणिकपणा तेवढा ठेवला. पहिल्या मार्गाने शंका नाहीशी होते, दुसऱ्याने भय आटोक्यात येते. खचणे हे एक नाव असलेले संकट आहे. मूळ वाक्य जेथे थांबते तेथे नावच नाही.

लॅटिन रूपाला पुढे आणखी एक वळण मिळाले. हे स्तोत्र मृतांसाठीच्या प्रार्थनाविधीत गेले आणि 'जिवंतांची भूमी' म्हणजे स्वर्ग हा अर्थ रूढ झाला. हिब्रू बायबलमध्ये या शब्दप्रयोगाचा रोख उलट आहे. यशयाच्या ३८ व्या अध्यायात मरणाच्या दारातून परतलेला हिज्कीया राजा शोक करतो तो याच भूमीला मुकण्याचा. अधोलोकाच्या विरुद्ध टोकाला असलेली ही जागा म्हणजे माणसे जेथे श्वास घेतात, भांडतात, पेरतात ती जमीन. स्तोत्रकार परलोकाची हमी मागत नाही. चांगुलपणा अलीकडच्या तीरावर दिसावा असा त्याचा हट्ट आहे. ढकलण्याचा आक्षेप या संहितेला म्हणूनच लागत नाही. तो लागतो तिच्या उत्तरकालीन वाचनाला, आणि तेथे तो लागू द्यावा हेच न्याय्य. विधीतील वाचनाची करुणा नाकारण्याचे कारण नाही. प्रेतापुढे उभ्या असलेल्यांना दुसरी कोणती भूमी दाखवायची? परंतु त्या वाचनाने जिवंतांच्या हट्टाची धार बोथट झाली हेही खरे.

इव्हानचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. त्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. सतराव्या शतकातील दुष्काळात तुकारामाचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. या आपत्तींकडे मागे वळून पाहताना, झाले ते बरेच झाले, कारण त्यामुळे संसाराची ओढ तुटली, असे तो देवाला सांगतो. वारकरी वाचकाला यात वैराग्याची कमाई दिसते आणि ती आहेच. पण आधुनिक वाचक एका जागी अडखळल्याशिवाय राहत नाही. दिवाळे तुकारामाचे निघाले. ते बरे झाले असे म्हणण्याचा अधिकार त्याचा. भुकेने मेली ती मात्र दुसरी व्यक्ती, आणि बरे झाले हे तिचे वाक्य नव्हे. तुकारामाला येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अरसिकपणाचे होईल, कारण देवाशी कडाक्याचे भांडणाराही तोच आहे. मुद्दा एवढाच की आपल्या दुःखाला अर्थ देणे आणि दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ देणे या नैतिकदृष्ट्या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि भाषा त्या सहज एकमेकींत मिसळू देते.

ईयोबाच्या ग्रंथाची रचना या भेदावरच उभी आहे. ईयोबाचे मित्र ईश्वराविषयी जे बोलतात त्यातील बरेचसे स्वतंत्रपणे पाहता धर्ममान्य आहे. तशीच विधाने इतरत्र आदराने वाचली जातात. ईयोब तक्रार करतो, शापतो, ईश्वराला न्यायालयात खेचू पाहतो. तरीही अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो मित्रांवर, आणि योग्य बोलल्याचे श्रेय ईयोबाला मिळते. विधानाचे सत्यत्व पुरुषानुसार बदलते, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. ईश्वर चांगला आहे हे राखेत बसलेला मनुष्य म्हणतो तेव्हा ती आशा. त्याच्याजवळ बसलेला सुखरूप मनुष्य तेच म्हणतो तेव्हा तो सिद्धान्त, आणि पुष्कळदा क्रौर्य. मित्रांचे खरे सत्कृत्य ग्रंथाच्या आरंभीच होऊन गेले होते : सात दिवस ते जमिनीवर गप्प बसून राहिले.

आशेचे व्याकरण असे प्रथमपुरुषी असेल तर दुसऱ्याविषयी आशाच बाळगू नये काय? तसे झाल्यास ती खासगी दिलासा बनेल आणि इव्हान एका अर्थाने जिंकेल. पंडिता रमाबाईंचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात फारसे वाचले गेलेले दिसत नाही. धर्मांतराचे समर्थन किंवा निषेध, स्त्रीमुक्तीचा इतिहास, या चौकटींनी ते बराच काळ व्यापले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत तीर्थाटन करणाऱ्या या मुलीचे आईवडील आणि बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. या मृत्यूंचा हिशेब ख्रिस्ती श्रद्धेने कसा लागला याचे उत्तर तिच्या साक्षीपर लेखनात शोधण्याची रीत आहे. वस्तुतः ते शोधावे १८९६–९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतातून भुकेलेल्या मुली आणि स्त्रिया शेकड्यांनी आणून रमाबाईंनी त्यांना आश्रय दिला, केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात हेच पुन्हा घडले. स्वतःच्या उपासमारीच्या आठवणीमुळे आपल्याला घरी बसवेना हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

येथे प्रथमपुरुषी दुःखाचे तृतीयपुरुषी सिद्धान्तात रूपांतर झालेले नाही. आपली माणसे मेली ती या मुली वाचाव्यात म्हणून, असा अर्थ लावण्याचा मोह चरित्रकाराला होईल आणि तो आवरलेलाच बरा. तसे म्हटले की आईबापांच्या मरणाचा पुन्हा जिना होतो. भूतकाळातील दुष्काळ निरर्थकच राहतो. पुढच्या दुष्काळात मात्र चांगुलपणा जिवंतांच्या भूमीत दिसावा यासाठी बैलगाडी, धान्य आणि छप्पर यांची सोय केली जाते. ईश्वर चांगला आहे हे दुसऱ्याला सांगण्याचा जो प्रामाणिक मार्ग उरतो तो बहुधा असाच असतो, आणि तोही पुरा नसतो : आणलेल्यांपैकी कितीजणी तरीही दगावल्या. त्यांच्या बाबतीत इव्हानचा नकार जसाच्या तसा उभा आहे. युर्गेन मोल्टमान यांनी 'आशेचे धर्मशास्त्र' (१९६४) या ग्रंथानंतर आठ वर्षांनी क्रुसावर मरणाऱ्या ईश्वराविषयीचा ग्रंथ लिहिला. पहिल्या ग्रंथातील भविष्याचा ओघ मेलेल्यांना ओलांडून जाऊ नये, ही गरज त्यामागे दिसते.

पौलाचे एक मत येथे आडवे येते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो जे दिसते त्याची आशा कोण धरील असा युक्तिवाद करतो. आशा अदृष्टाचीच असते. स्तोत्रकार तर पाहण्याचाच आग्रह धरतो. हा विरोध मिटवण्याची घाई करू नये, परंतु पौलाचा संदर्भ पाहावा. तेथे कण्हणारी आहे ती सारी सृष्टी, वेणा देणारी स्त्री जशी. अदृष्ट म्हणजे अन्यत्र असलेले नव्हे, याच देहात अजून न जन्मलेले. आणि स्तोत्राचा चौदावा, अखेरचा चरण पाहता तेथेही दर्शन घडलेले नाही. तेथे एकाएकी द्वितीयपुरुषी एकवचनी आज्ञा येते : धीर धर, वाट पाहा. हे कोण कोणाला म्हणते? मंदिरातील याजक आर्ताला म्हणतो, असे काही भाष्यकार मानतात. कवी स्वतःच्याच जिवाला म्हणतो, असे इतर. संहिता निर्णय देत नाही. पण अपुऱ्या वाक्यानंतर लगेच हा 'तू' येतो ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याचे स्वतःचे वाक्य तुटले आहे तोच दुसऱ्याला वाट पाहा म्हणू शकतो. ईयोबाच्या मित्रांची वाक्ये सगळी पूर्ण होती.

मुक्तिसदनात रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले. साध्या स्त्रियांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः, आणि भाषांतर १९२४ मध्ये आश्रमाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. या स्तोत्राच्या भाषांतरकाराला मराठीत दोन सोयी आयत्या मिळतात. पहिली म्हणजे 'वाट पाहणे' : जे आलेले नाही त्याच्यासाठीही मराठी पाहण्याचेच क्रियापद वापरते, आणि तेरावा व चौदावा चरण तिच्यात एकमेकांच्या जवळ येतात. दुसरी 'नसता तर'. घरातल्या बोलण्यात हे वाक्य पुष्कळदा येथेच थांबते. दुखण्यातून उठलेल्याच्या अंथरुणाशी बसलेली बाई 'त्या दिवशी डॉक्टर नसते तर' म्हणते आणि पदर डोळ्याला लावते. पुढचे कोणी विचारीत नाही. हिब्रूतील ती पोकळी भरून काढण्याची गरज ग्रीकला, लॅटिनला, इंग्रजीला भासली. मराठीला ती भासण्याचे कारण नव्हते.