माझ्या मनात काही नाही

वसईच्या पश्चिम पट्ट्यात दोघा भावांच्या वाड्यांमध्ये मिळून एक बावखल होतं. बावखल म्हणजे जमिनीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरायचं आणि उन्हाळाभर वाडी जगवायचं. वडिलांनी वाटण्या करताना जमीन दोरीनं मोजून दिली, पाणी मात्र पाळीनं दिलं. एक दिवस थोरल्याचा, एक धाकट्याचा. रहाट होता तोवर हे निभलं, कारण रहाट कुणाला हावरट होऊच देत नाही. बैल थकतो.

मग विजेची मोटर आली. ती थकत नाही. एका वैशाखात धाकट्यानं थोरल्याच्या पाळीच्या रात्रीही ती चालवली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. थोरल्याचा पानमळा होता. पानवेलीला पाण्याची आबाळ सोसत नाही. मळा गेला. थोरला भांडला नाही, कोर्टात गेला नाही. त्यानं बोलणं टाकलं.

धाकटा वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत एक भाऊ दुष्ट निघाला की ऐकणारे आपण अलगद सुटतो. रोज सकाळी बायबलमधला उतारा वाचल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे. उपवासकाळात मासळी बंद. आणि कुणी भावाचा विषय काढला की शांतपणे म्हणायचा, “माझ्या मनात काही नाही बाबा. त्यानंच तोंड फिरवलंय.” अकरा वर्षं हे वाक्य त्याला पुरलं.

आगेराच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. लोंब्यांच्या जुड्या चर्चमध्ये नेऊन वेदीपाशी ठेवायच्या. शनिवारी संध्याकाळी आळीतल्या प्रार्थनेला धाकट्याच्या ओट्यावर माणसं जमली होती, फादरही आले होते. वाचायची पाळी धाकट्याची. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, तेवीस आणि चोवीस या ओव्या. त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून पुस्तकाकडे नीट न बघताच त्यानं सांगितलं की अर्पण वेदीवर आणल्यावर आपल्या मनात भावाविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट करावा.

शेजारी नऊ वर्षांची नात ओळीवर बोट ठेवून बसली होती. “आजोबा, उलटं वाचलंत.”

“काय उलटं?”

“तुमच्या मनात नाही. भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर, असं आहे इथं.”

धाकट्यानं चष्मा वर केला, खाली केला. पोरीचं बरोबर होतं. कुणीतरी खाकरलं. आळीतल्या प्रत्येकाला पानमळा ठाऊक होता.

फादरांनी विषय सावरला असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, येशू हे बोलला तेव्हा समोर गालीलातली माणसं बसली होती. अर्पणाची वेदी मात्र जेरुसलेमच्या मंदिरात. पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे देवळापर्यंत पोचलेल्या माणसानं अर्पण तिथंच ठेवायचं, तीन-चार दिवस चालत घरी यायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढंच चालत जायचं. “ऐकणारे हसले असतील,” फादर म्हणाले. ओट्यावरचेही हसले.

धाकट्याच्या भावाचं घर तिथून दिसत होतं.

रात्री नातीनं विचारलं, “मोठ्या आजोबांच्या मनात काही आहे का?” तो म्हणाला, “झोप.”

रविवारी त्यानं सवयीप्रमाणे सगळ्यात भरदार जुडी उचलली. मिरवणुकीनं सगळे आत गेले. वेदीच्या पायरीवर त्यानं जुडी ठेवली आणि जागेवर जायच्या ऐवजी तो बाजूच्या दारानं बाहेर पडला. लोकांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली असेल. नात मागोमाग धावली.

थोरला गुडघ्यांमुळे हल्ली चर्चला येत नसे. ओट्यावर बसला होता. धाकटा अंगणात उभा राहिला. अकरा वर्षं पाठ असलेलं वाक्य ओठांशी आलं, ते त्यानं गिळलं. त्याच्याखाली दुसरं सापडायला वेळ लागला.

“दादा, तुझ्या पाळीचं पाणी मी घेतलं होतं.”

थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी जागाच असायचो. मोटरचा आवाज ऐकत.”

“तेव्हाच आला का नाहीस?”

“पाणी तू घेत होतास. येणार मी?”

याला उत्तर नव्हतं. दोघांचीही नजर वाडीच्या मागं गेली. बावखल अर्धं बुजवलं होतं, उरलेल्या अर्ध्यात हिरवं शेवाळ. बोअरिंग आल्यापासून त्यातलं पाणी दोघांपैकी कुणालाच लागत नव्हतं.

“भात घरी ठेवून आलास?”

“नाही. वेदीपाशी.”

“आणि तू इकडे?” थोरल्याला हसू आलं की खोकला, ते अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरीला कळलं नाही. “बस,” तो म्हणाला, आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं.

पोर तशीच चर्चकडे पळाली. मिस्सा संपली होती. झाडलोट करणारा जुड्या उचलून एका टोपलीत भरत होता. पायरीवरच्या शेवटच्या जुडीला त्यानं हात घातला तशी ती ओरडली, “ती राहू द्या! आजोबा यायचेत अजून.”

“गेले कुठं?”

“भावाकडे. चहाला बसलेत.”

त्यानं जुडीवरचा हात काढला. टोपली उचलली, एक दार लावलं, आणि दुसरं तसंच उघडं ठेवून तो निघून गेला.