नुकसान किती?

कुठलाही किडा दिसला की आपला पहिला प्रश्न नुकसानीचा असतो. प्लॅटिकोटिस व्हिटाटा या कीटकाबाबत त्याचं उत्तर चटकन मिळतं: जवळपास काहीच नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः फ्लोरिडात, तो ओकच्या डहाळ्यांतला रस पिऊन जगतो. झाडाला त्याचा फारसा त्रास नाही, फवारणीची गरज नाही. बहुतेकांची जिज्ञासा इथे संपते. खरं तर ती इथून सुरू व्हायला हवी.

जेमतेम सेंटिमीटरभराचा हा जीव. निळसर-करड्या अंगावर तांबडे पट्टे, डोळेही तांबडे. काहींना पुढे झुकलेलं शिंग असतं, काहींना नसतंच. जात मात्र एकच. मादी डहाळीची साल चिरून आत अंडी घालते आणि तिथेच बसून राहते. पिल्लं बाहेर येतात, डहाळीवर दाटीवाटीने बसून रस पिऊ लागतात, तरी ती हलत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचा मुक्काम तिथेच. बहुतेक कीटक अंडी घालून निघून जातात. तेवढ्या वेळात हीदेखील दुसरीकडे अंडी घालू शकली असती, हे ध्यानात घेतलं की या बसून राहण्याची किंमत कळते.

तिच्या जवळच्या नात्यातल्या उंबोनिया क्रॅसिकॉर्निस या जातीवर जीवशास्त्रज्ञ रेक्स कोक्रॉफ्ट यांनी संशोधन केलं आहे. शिकारी गांधीलमाशी आली की पिल्लं एकापाठोपाठ एक अंग थरथरवतात. तो कंप फांदीतून आईपर्यंत पोचतो. ती धावून येते, पंख फडफडवते, लाथा झाडते. आपल्या कानांना यातलं काही कळत नाही; फांदीला संवेदक जोडला तेव्हा ते ऐकू आलं.

याला वात्सल्य म्हणावं का? राखलेली पिल्लं जास्त जगतात, म्हणून हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकला, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण कारण कळलं म्हणून नवल कमी का व्हावं? माझं तर वाढतं.

आपल्याकडे बाभळीच्या फांद्यांवर याच कुळातले शिंगवाले कीटक असतात. त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांच्याभोवती वावरतात. पुढच्या वेळी असे किडे दिसले, तर फवारणीचा पंप आणण्याआधी घटकाभर तिथे उभं राहा आणि ते काय करताहेत ते बघा.