कवडीचे कूळ

राजाजीनगरात आमच्या शेजारच्या घरी सुट्टीच्या दुपारी चौकाबारा रंगतो. आपल्याकडील चल्लस-आठचा हा सख्खा भाऊच. परवा त्यातील एक कवडी उसळून माझ्या पायाशी आली. कन्नडमध्ये तिला ‘कवडे’ म्हणतात. शब्दांचे कूळ एक, हे सांगावयास पंडित नको. खेळणाऱ्या मुलांच्या लेखी मात्र जगात कवड्या दोनच प्रकारच्या: उताणी पडलेली आणि पालथी पडलेली. त्यांच्या कामापुरते हे वर्गीकरण अगदी निर्दोष आहे. पण कामापुरत्या केलेल्या वर्गीकरणास त्या वस्तूचे ज्ञान म्हणावयाचे काय?

समुद्रापासून इतक्या दूर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर येऊन पडलेली ही वस्तू म्हणजे एका लहानशा सागरी गोगलगायीचे रिकामे घर. प्राणी जिवंत असताना ते पुष्कळदा दिसतही नाही. त्याच्या अंगाच्या दोन मांसल झालरी दोन्ही बाजूंनी वर येऊन शंख झाकून टाकतात, आणि त्यांच्याच लेपाने शंखावर ती तुळतुळीत झिलई चढते. बालपणी हा शंख पातळ, रुंद तोंडाचा, इतर गोगलगायींसारखा पिळदार असतो. प्रौढ होताना त्याचा ओठ आत वळतो, त्यावर दात उमटतात आणि लांबीची वाढ थांबते. बाल व प्रौढ शंख शेजारी ठेवले, तर ते एकाच जातीचे आहेत हे नवख्यास पटू नये. अनेक जातींत मादी आपल्या अंड्यांवर पाय पसरून बसून राहते. ‘कवडीमोल’ हा शब्द घडविणाऱ्या आपल्या भाषेस या राखणीची वार्ता नव्हती.

लिनियसने १७५८ मध्ये या साऱ्यांना ‘सायप्रीआ’ या एकाच प्रजातीत घातले. चलनातील कवडीला त्याने ‘मोनेटा’, म्हणजे नाणे, हे नाव दिले. आणि एका बारक्या, रेघारेघांच्या जातीला चक्क उवेचे! बिचारीचा अपराध लहानपणाचा. पुढे १८६३ मध्ये ट्रोशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने गोगलगायींच्या दातेरी जिभा तपासून नाण्याच्या कवडीसाठी ‘मोनेटारिया’ ही निराळी प्रजाती केली. उवेचे नाव लाभलेली जात तर आता कवड्यांच्या कुळातही राहिली नाही. तिचे कूळ ‘ट्रिव्हिइडी’. शंखाचे साम्य फसवे निघाले, म्हणून शास्त्राने आतल्या प्राण्याची साक्ष काढली. आता जनुकांचीही काढतात.

बाजाराने असा फेरविचार कधी केला नाही. मालदीव बेटांतून शतकानुशतके कवड्या बंगालला आणि पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत गेल्या. चौदाव्या शतकात त्या बेटांवर राहिलेल्या इब्न बतूताने नोंदविले आहे, की हे प्राणी समुद्रातून काढून खड्ड्यांत टाकीत. मांस नाहीसे झाले की पांढरे कवच उरे. पंडिताचे नाव चुकले तरी ते दुरुस्त होण्याची सोय होती. व्यापाऱ्याच्या हिशेबात प्राण्यास जागाच नव्हती. वस्तुतः प्रारंभी दोघेही रिकाम्या घरावरूनच बोलत होते. फरक एवढाच, की आपण घरावरून बोलत आहो याची जाणीव एकास झाली.

आपणा सरकारी नोकरांस हे थोडे बोचावे. गोपनीय अहवालात ‘साधारण’ असा एक शब्द लिहून मीही माणसे निकालात काढली आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्या घरी रात्री कोण कोणाच्या उशाशी बसत असे, हे मला ठाऊक नव्हते आणि अहवालात त्यासाठी रकानाही नव्हता. श्रेणी लावल्यावाचून कारभार चालत नाही, हे मला मान्य आहे. त्या कारणाने श्रेणीचा मोह समर्थनीय ठरतो, असेही मी पूर्वी म्हणत असे. परंतु ट्रोशेलसारखे, नवी साक्ष शोधून आपला जुना शेरा स्वतः होऊन पुन्हा उघडल्याचे एकही प्रकरण मला आठवत नाही.

इतका वेळ शेजारची मुलगी हात पुढे करून उभी होती. मी तिची कवडी तिला परत दिली.