विद्यार्थ्याची व्यथा आणि संस्थेचा कान

विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाला ताप आला, तर तो कोणाला सांगावे याचा तो फारसा विचार करीत नाही. खोलीतील सोबती, वसतिगृहाचे रेक्टर, गावाकडील आईवडील या सर्वांना ते आपोआप कळते आणि कळल्याने काही बिघडत नाही. परंतु आठवडेच्या आठवडे झोप लागेनाशी झाली, वाचलेली ओळ मनात ठरेनाशी झाली, जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला, म्हणजे त्याच तरुणापुढे औषधोपचाराच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: हे कोणाकोणाला कळेल? या प्रश्नाकडे बहुधा संकोच किंवा अज्ञान म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात एक गंभीर नैतिक पेच दडलेला आहे. जो आपले मूल्यमापन करतो, त्याच्याच आश्रयाने आपली व्यथा उघड करावी काय, असा तो पेच आहे.

या पेचाचे एक जुने आणि बोलके उदाहरण जॉन स्टुअर्ट मिलच्या चरित्रात सापडते. आगरकरांच्या पिढीवर ज्याच्या विचारांचा खोल ठसा उमटला, तो हा तत्त्वज्ञ १८२६ मध्ये, अवघ्या विशीत, दीर्घ औदासीन्याने ग्रासला गेला. तो कधी शाळेत गेला नव्हता. वडील जेम्स मिल हेच त्याचे शिक्षक आणि तेच त्याचे परीक्षक. व्यवहारातील कोणतीही अडचण तो वडिलांकडे नेत असे. या प्रसंगी मात्र मदतीसाठी ज्याच्याकडे पाहावे असा शेवटचा माणूस त्याला वडीलच वाटले. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वच्छपणे नोंदविले आहे. वडिलांच्या प्रेमाविषयी त्याला शंका नव्हती. परंतु आपली व्यथा त्यांना सांगणे म्हणजे त्यांनी आयुष्यभर राबविलेला शिक्षणाचा प्रयोग फसला असे सांगणे होते. गुरू आणि सांत्वनकर्ता या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या, की मौन हाच शिष्याचा आश्रय होतो, हे त्यातून दिसते.

आजचे विद्यापीठ जेम्स मिलच्या त्याच जागी बसलेले आहे. उपस्थितीची नोंद तेच ठेवते, परीक्षा तेच घेते, वसतिगृहातील खोली, शिष्यवृत्ती आणि शिफारसपत्रही तेच देते. आणि आता समुपदेशकही तेच नेमते. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. त्यामागील निकड उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. तथापि, नेमणुकीने खोली उघडते. विश्वास उघडतोच असे नाही. ज्याचे वेतन संस्था देते, त्याचा कान कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की गोपनीयतेलाही मर्यादा असतात; प्राण धोक्यात असताना मौन पाळणे हा धर्म नव्हे. आक्षेप योग्य आहे आणि त्याची कसोटी पाहणारी घटना विद्यापीठातच घडलेली आहे. १९६९ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बंगालमधून गेलेला एक विद्यार्थी विद्यापीठाच्याच रुग्णालयात मानसोपचार घेत होता. एका तरुणीला ठार मारण्याचा हेतू त्याने उपचारकापाशी बोलून दाखविला. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. त्यांनी त्याला ताब्यात घेऊन थोड्याच वेळात सोडून दिले. विभागप्रमुखाने पोलिसांकडे गेलेले पत्र परत मागवून नष्ट करण्यास सांगितले. विद्यार्थी पुन्हा उपचारासाठी आला नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तातियाना तारासॉफ हिची हत्या केली. तिला कोणीही सावध केले नव्हते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की धोक्यात असलेल्या व्यक्तीचे रक्षण करण्यासाठी योग्य ती काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे.

मनोरुग्ण बहुधा इतरांना धोकादायक नसतात. म्हणून या अपवादात्मक घटनेवरून सर्वसाधारण भीती बाळगणे अन्यायाचे ठरेल. तिच्यातील धडा वेगळाच आहे. गुपित फुटले होते. परंतु ते अधिकाऱ्यांच्या दिशेने फुटले. जिला ते कळणे आवश्यक होते तिच्यापर्यंत ते गेले नाही, आणि ज्याला उपचारांची गरज होती तो उपचारांपासून दूर गेला. गोपनीयतेचा अपवाद जीव वाचविण्यासाठी असतो, संस्थेची माहिती वाढविण्यासाठी नसतो, हा भेद तेथे पुसला गेला. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा भेद नेमका टिपला आहे. त्याच्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. इतरांना इजा होऊ नये म्हणून वा जीविताचा धोका टाळण्यासाठी माहिती उघड करता येते, परंतु त्यासाठी आवश्यक असेल तेवढीच.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. येथे माणूस एकटा आजारी पडत नाही; त्याच्याबरोबर घर आजारी पडते आणि घरच त्याला सावरते. मग घरापासून लपवाछपवी कशासाठी? यात तथ्य आहे. परंतु घराची पहिली प्रतिक्रिया बहुधा उपदेशाची असते: मन घट्ट कर, नसते विचार सोडून दे. मराठी माणसाच्या कानात रामदासांचे 'मनाचे श्लोक' लहानपणापासून रुजलेले असतात. तथापि त्यातील 'मना' हे संबोधन साधकाने स्वतःच्या मनाला घालावयाचे असते. तेच दुसऱ्याच्या आजारी मनाला घातले, की साधनेची आज्ञा होते, आणि आज्ञा पाळण्याचे बळच तर त्या मनाने गमावलेले असते. घराला कळावे, पण केव्हा आणि कोणाच्या तोंडून, हे ज्याचे दुःख त्याने ठरवावे. प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे, ती एवढ्यासाठीच.

यावरून संस्थेचे कर्तव्य पुरेसे स्पष्ट होते. समुपदेशकाच्या नोंदी कुलसचिवांच्या कपाटात असू नयेत. परीक्षेतील सवलतीसाठी द्यावयाच्या प्रमाणपत्रात विद्यार्थी उपचाराधीन आहे एवढेच असावे, निदान नसावे. कोणत्या परिस्थितीत गुपित उघड करावे लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगितले जावे, म्हणजे विश्वासघाताला वाव राहणार नाही. काळजी घेणाऱ्याने अधिकाधिक जाणून घ्यावे, अशी समजूत रूढ आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र काही गोष्टी न जाणण्याचे पथ्य संस्थेने पाळणे, हाही तिच्या काळजीचाच भाग आहे. हे पथ्य पाळले गेले नाही, तर समुपदेशकाच्या खोलीचे दार उघडे राहील, नेमणुकीचा अहवालही वेळेवर जाईल. आणि विद्यार्थी त्या दारावरून पुढे निघून जाईल.